मांजरीचा गुरुवार

आमच्या मांजरीला शुगर निघाली तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "हिनं कधी गोड खाल्लं रे?" मला हसू आलं नाही, कारण मीही मनात तेच शोधत होतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील फॅक्टरीत फिटर होते, आई चौथीपर्यंत शिकली. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, आता शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटत नाही. मांजरीचं दुखणं अंगावर आलं तसं मी नवी वही आणली आणि रकाने आखले. वेळ, किती ग्रॅम खाल्लं, शुगर, इन्सुलिन, उलटी, शेरा.

कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब काढणं आणि मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन देणं मला आठवड्यात जमलं. अडलं ते खाण्यापाशी. तिच्या आतड्यांना सूज होती, त्यामुळे भूक नव्हती, आणि पोटात अन्न नसताना पूर्ण इन्सुलिन दिलं तर शुगर एकदम उतरून मांजर हातची जाईल असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खाल्लं तर पूर्ण, अर्धं खाल्लं तर अर्धं, तोंडच लावलं नाही तर सुई नाही आणि बाईंना फोन.

"मग सुजेवर औषध द्या ना," मी म्हणालो.

"स्टेरॉइड आहे, पण त्यानं शुगर चढते. ग्यारह साल की है, भैया, अडीच किलोची. मला ते शेवटी वापरायचंय."

सूज रोजच्या खाण्यातल्याच कशानं येत असेल, म्हणून आधी सहा आठवडे आहार बदलून पाहायचा होता. तिनं जन्मात खाल्लं नाही असं एकच मांस, वर बाईंनी दिलेली पूड, आणि दुसरं काही म्हणजे काहीच नाही. कोंबडी, मासे तिचे रोजचे. मटण मात्र तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी घमापूरच्या बाजारातून बिनहाडाचं आणायला लागलो. बिनमिठाचं उकडायचं, बारीक करायचं, काट्यावर तोलायचं.

त्या दिवसांत मला मांजरीच्या जेवणाचं वेडच लागलं. थंड दिलं तर ती ताटलीशेजारची फरशी पंजानं खरवडायची, जणू घाण झाकते आहे. जरासं कोमट केलं की निदान वास घ्यायची. खोल वाटीत मिशा कडेला लागतात म्हणून मान फिरवायची, पसरट ताटलीत खायची. आणि मी वही घेऊन समोर बसलो की हमखास उठून जायची.

"परीक्षेत मास्तर बसते तसा डोक्यावर बसून राहिला तू," आई म्हणाली. "कोण खाईल?"

चौथ्या आठवड्यात वही बाईंना दाखवली. उलट्या कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या.

"रेकॉर्ड तो बढ़िया है," त्या पानं उलटत म्हणाल्या. "घरात दुसरं काही तर मिळत नाही ना तिला?"

"एक दाणासुद्धा नाही, मॅडम. मी स्वतः तोलून देतो."

"फिर दो हफ्ते और. नाही थांबल्या तर स्टेरॉइड."

मी घरी आलो आणि लाल पेन्सिलीनं उलट्यांवर गोल काढले. गोल सगळीकडे विखुरलेले नव्हते. चारही आठवडे शुक्रवार, शनिवार. शुक्रवारी सकाळची शुगरही चढलेली. मला वाटलं, मटण शिळं होत असेल. पण मी ते मंगळवारी आणि शनिवारी आणत होतो, त्यानं काही जुळेना. मग पूड तपासली, पाणी तपासलं. तीन दिवस हेच डोक्यात. गुरुवारकडे मी पाहिलंच नाही, कारण गुरुवार हा वहीतला सगळ्यात चांगला दिवस होता. त्या दिवशी ती ताटली चाटून पुसून साफ करायची. शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नेहमीप्रमाणे.'

नेहमीप्रमाणे म्हणजे काय, हे चौथ्या दिवशी लक्षात आलं. आमच्याकडे गुरुवार दत्ताचा. माझ्या जन्माच्या आधीपासून त्या दिवशी घरात मांस येत नाही, शिजत नाही. मांजरीलाही नाही. गुरुवारी तिला साय घालून दूध-पोळी. ती मी माझ्या हातानं तोलली होती, ग्रॅम लिहिले होते, आणि बाईंना सांगितलं होतं, एक दाणासुद्धा नाही. मी खोटं बोललो नव्हतो. दूध-पोळी हे आमच्या घरात 'दुसरं काही' नव्हतंच, तो गुरुवार होता.

"आई, गुरुवारी तिला पोळी द्यायची नाही."

"मंग काय, गुरुवारी मटण शिजवू घरात?"

"बुधवारी शिजवून फ्रीजमध्ये ठेवतो."

"फ्रीजमध्ये देवाचं दूध असते."

"तुझ्या पोळीनंच तिचं पोट बिघडून राहिलं."

"मला काहून बोलते? वजन तर तूच करत होता."

संध्याकाळी आई स्वतःच शेजारच्या दीदींकडे गेली, मटण त्यांच्याकडे ठेवता येईल का ते विचारायला. त्या हिंदी बोलणाऱ्या, हनुमानाच्या भक्त. दारातूनच त्यांचं हसणं ऐकू आलं.

"हमारे यहाँ मंगल को नहीं बनता, आंटी. गुरुवार को जो चाहे रखिए. बिल्ली से भी व्रत रखवा रही थीं आप?"

तर त्या गुरुवारी सकाळी सात वाजता मी मांजर टोपलीत घालून दीदींच्या मागच्या ओसरीवर नेली. कोमट मटण ताटलीत ठेवलं. सुई खिशात. परकी जागा, परके वास. ती भिंतीला चिकटून बसली, मग पुढे येऊन तिनं हुंगलं आणि फरशी खरवडायला लागली. दहा मिनिटं गेली.

तेवढ्यात आई आली. आंघोळ झालेली, पूजा व्हायची होती. "तू आत जा," म्हणाली.

मी जाळीच्या दारामागून पाहत राहिलो. आई उकिडवी बसली. मटणाचा एक तुकडा बोटांत घेऊन दाबला, मऊ केला आणि मांजरीच्या नाकापुढे धरला. गुरुवारी मांसाला हात लावताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मांजरीनं आधी बोट चाटलं, मग तुकडा घेतला. मग दुसरा. चाळीसपैकी छत्तीस ग्रॅम. मी बाहेर येऊन पूर्ण इन्सुलिन दिलं. आईनं घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली आणि पूजेला बसली.

शुक्रवारी उलटी नाही. शनिवारीही नाही.

रविवारी तांदूळ निवडत बसलेल्या आईला मी विचारलं, "देवाला काय सांगितलं तू?"

"जे झालं ते. तू डॉक्टरबाईला सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. मी फोन लावला आणि गुरुवारची दूध-पोळी सायीसकट सांगून टाकली.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपली ट्रायल झालीच नव्हती. इस गुरुवार से गिनिए, सहा आठवडे. स्टेरॉइड अभी रहने दीजिए."

ते सहा आठवडे परवा संपले. उलट्या दोनच झाल्या, एक सोमवारी आणि एक बुधवारी. त्या कशानं झाल्या ते अजून सापडलेलं नाही.