अर्ध्या तुकड्याचे पाळकसाहेब

रेव्हरंड मनोहर वाघचौरे यांची आणि माझी पहिली भेट आखातातल्या आमच्या शहरात, मुऐदर भागातल्या एका किराणा दुकानासमोर झाली, आणि पहिल्याच भेटीत माझा गोंधळ उडाला. आज ते साठ पूर्ण करीत आहेत, तरी तो गोंधळ काही निस्तरलेला नाही. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ‘पाळकसाहेबांची श्रद्धा, न्यायदृष्टी आणि मंडळीजीवन’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी वातानुकूलन यंत्रणेचा इंजिनिअर, नाशिकचा, हिंदू, आणि हौसेने तबला वाजवणारा. यातली कोणती पात्रता संपादकांना दिसली, ते त्यांनाच ठाऊक.

तर त्या दिवशी मी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाहून परतलो होतो. गाडीच्या मागच्या सीटवर तबला-डग्गा होता. एक सडपातळ गृहस्थ काचेतून आत डोकावत उभे होते.

“वाजवता, की शोभेला ठेवलाय?” त्यांनी विचारले.

“वाजवतो.”

“मग शुक्रवारी उपासनेला या. आमच्या भजनांना ठेका नाही.”

“अहो, पण मी हिंदू आहे.”

“तबल्याची जात कुणी विचारली?” असे म्हणून त्यांनी माझा फोन नंबर घेतला.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा रविवारही शुक्रवारीच भरतो. लहानसा हॉल ठरावीक वेळेपुरता मिळतो. आमच्या आधी मल्याळी मंडळी, नंतर फिलिपिनो. फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेची तयारी सुरू झाल्यापासून सारे शहर खणून ठेवलेले. गेल्या शुक्रवारचा रस्ता या शुक्रवारी सापडेल याची खात्री नाही. निम्मी मंडळी वळसे घेत उशिरा पोहोचत. साहेब कधी चिडले नाहीत. पहिली प्रार्थना ते नेहमी ‘जे अजून रस्ता शोधत आहेत’ त्यांच्यासाठी करत. हे गाडीवाल्यांविषयी असे की आम्हा सर्वांविषयी, हे मला पुष्कळ दिवस कळले नव्हते.

साहेबांच्या मायेविषयी एकच सांगतो. नाशिकला माझ्या वडिलांचे ऑपरेशन होते तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी सुनीताताई आमच्याकडे येऊन बसले. सुनीताताईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले. साहेबांनी माझ्या मुलीला मराठीतून सापशिडी शिकवली. ती इंग्रजीतून भांडत होती, हे मराठीतून हरत होते. वडील सुखरूप असल्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, “तुम्ही प्रार्थना केली नाहीत?” साहेब म्हणाले, “तुम्ही सांगितलं नव्हतं. मनात मात्र केली हो, राहवलं नाही.” त्या वेळी मी त्यांच्यासमोर रडलो.

आता मूळ प्रसंग.

सुदाम कसबे जालन्याकडचा. स्टेडियमच्या कामावर सळया बांधायचा आणि बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहायचा. गावी त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या वर्षांत देशाबाहेर पडायला कंपनीची परवानगी लागे, आणि ती ज्यांच्या सहीने मिळायची ते साइट मॅनेजर शमुवेल भालेराव हे आमच्याच मंडळीचे खजिनदार. वरून त्यांच्यावर कामाचा रेटा होता. “स्लॅब होईपर्यंत कुणालाच नाही,” एवढेच ते म्हणत.

सुदाम साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “धीर धर. होईल सगळं. इन्शाल्ला.” सुदाम तसाच निघून गेला. त्यानंतर तो उपासनेला येई, पण मागच्या रांगेत बसून खाली बघत राही.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मंडळीत प्रभुभोजन असते, म्हणजे प्रभूच्या आठवणीने सर्वांनी एकाच भाकरीचा तुकडा खायचा. ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्याशी आधी समेट करावा आणि मगच भाकर घ्यावी, अशी त्यांची रीत. साहेब सर्वांना देऊन शेवटी स्वतः घेत. त्या शुक्रवारी त्यांनी सर्वांना दिले, आणि आपला तुकडा थाळीत ठेवून वर कापड झाकले.

“माझ्या एका भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे,” ते म्हणाले. “ते मिटेपर्यंत मला घेता येणार नाही. भजन घ्या.”

माझा ठेका चुकला.

पुढच्या महिन्याभरात काय गंमत झाली म्हणता! मंडळीतल्या प्रत्येकाला वाटले, तो भाऊ म्हणजे आपणच. एकाने लग्नाचे आमंत्रण द्यायचे राहिले होते ते आठवून पेढे नेले. मंडळीचे ‘वडील’, म्हणजे पंच, म्हणवणारे दोन सदस्य निवडणुकीतले जुने भांडण मिटवायला एकाच संध्याकाळी दारात भेटले, आणि तिथे नवे भांडण करून परतले. मी तरी कुठे शहाणा? एका भजनाची लय मी फार पळवली होती आणि साहेबांना दम लागला होता. मी श्रीखंडाचा डबा घेऊन गेलो. सुनीताताईंनी दार उघडले आणि कपाळाला हात लावला. “अहो, फ्रिजमध्ये जागा नाही आता!”

पुढच्या पहिल्या शुक्रवारी साहेबांनी पुन्हा थाळी झाकली.

उपासना संपल्यावर मी तबल्यावर गवसणी चढवत होतो. भालेराव तिथेच साहेबांसमोर उभे राहिले.

“पाळकसाहेब, माझं काही चुकलंय का?”

“तुमचं? नाही. सुदामचं मन दुखावलंय माझ्यामुळे. त्याची आई तिकडे जातेय आणि मी त्याला धीर धर म्हणालो. जेवून उठलेल्या माणसाचं उपाशी माणसाला धीर धर म्हणायला काय जातं?”

भालेरावांचा चेहरा लाल झाला. “म्हणजे सही मी करत नाही, म्हणून सगळ्यांसमोर मला टोमणा मारताय!”

“तुमचं नाव मी घेतलं का?” साहेबांनी विचारले. ते इतके चकित दिसत होते, की ते नाटक असेल तर साहेब रंगभूमीवर जायला हवे होते.

भालेराव दार आपटून गेले. मला वाटले, आता मंडळी फुटणार. पण दुसऱ्याच दिवशी ते स्वतः बरवा अल बराहाला गेले आणि सुदामच्या हातात परवानगी ठेवून म्हणाले, “जा. माणूस कमी पडला तर मी बांधीन सळया. खलास.” असे का केले, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेले नाही. मी विचारले तर म्हणतात, “यल्ला, चल, तबला वाजव.”

मी मात्र साहेबांना गाठले. मी इंजिनिअर, कारण कळल्याशिवाय मला झोप येत नाही. “खरं सांगा, ही युक्ती होती ना?”

ते म्हणाले, “युक्ती सुचली असती, तर सरळ भालेरावांकडे गेलो असतो. गेलो नाही, कारण भ्यालो. हॉलची सगळी बोलणी तेच करतात. ते रुसले तर मंडळी कुठे बसवू? मंडळी सांभाळायची म्हणून सुदामला सोडलं मी. मग भाकर कोणत्या तोंडाने घेऊ? एवढंच होतं. बाकीचं मलाही कळलेलं नाही.”

न्यायदृष्टीचा विषय मला दिला आहे, पण भित्रेपणाची ही कबुली त्यात बसते की नाही, हे संपादकांनी ठरवावे. त्या दिवसापासून मला ते अधिक आवडू लागले.

सुदाम परत आला तो आईला माती देऊन. ती असेपर्यंत तो पोहोचला होता. तिने त्याला ओळखले, त्याच्या हातून पेज घेतली. तो पहिल्या शुक्रवारी आला आणि बहिणीने बांधून दिलेली ज्वारीची भाकरी त्याने थाळीत ठेवली. साहेबांनी त्या दिवशी तीच मोडून सर्वांना दिली. सुदाम शेवटचा. आपला तुकडा हातात घेऊन तो उभा राहिला.

साहेबांनी सर्वांदेखत विचारले, “सुदाम, तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का?”

“व्हतं,” सुदाम म्हणाला. “तुमी धीर धर म्हनलात तवा लई राग आला व्हता, साहेब. आईपाशी बसलो, तवा गेला.” मग जरा थांबून, अगदी प्रामाणिकपणे, “म्हंजी... अर्धा गेला.”

साहेबांचा हात थाळीकडे गेला होता, तो तिथेच थबकला.

“मग मी काय करू?”

सुदामने आपल्या हातातला तुकडा मोडला आणि एक भाग त्यांच्यापुढे धरला. “मंग अर्धाच घ्या.”

साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

आता ते स्टेडियम उभे राहिले आहे, स्पर्धा तोंडावर आली आहे. सुदाम भालेरावांच्याच हाताखाली फोरमन आहे आणि साहेबांच्या घरी हक्काने जेवतो. तरीही प्रभुभोजनाच्या दिवशी साहेब आपला तुकडा मोडतात, अर्धा घेतात आणि अर्धा थाळीत ठेवतात. नवी माणसे मला कारण विचारतात, आणि मी ही सगळी कथा सांगूनही त्यांना ते समजावू शकत नाही. परवा मी सुदामला विचारले, “अरे, उरलेला राग अजून गेला नाही का?” तो हसला. “कवाच गेला की. पर त्यांनी इचारलंच न्हाई पुन्हा.”

हे साहेबांना सांगावे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते. म्हणून ते इथे, त्यांच्याच गौरवग्रंथात, लिहून ठेवतो. साहेब, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना बळ आणि आवाजाला धार राहो. आणि येत्या पहिल्या शुक्रवारी मागच्या रांगेकडे बघून एकदा विचारा. मी ठेका धरून बसलेलो असेन.