आर्डिसची लाल पाटी

आमच्या गावची घरं राज्य महामार्गाच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. मधून लाकूड वाहणारे ट्रक ताशी सत्तर मैलांच्या वेगाने सुटतात. रोज आर्डिस क्वामी ही एकाहत्तर वर्षांची बाई लाल पाटी उंच धरून त्यांना अडवते आणि माझ्या मुलाला, टोबीला, पलीकडे शाळेत पोचवते. दोनदा तिला स्वतःला बाजूला उडी मारावी लागली आहे. ट्रक पुरता थांबेपर्यंत मी खिडकीत श्वास रोखून उभी असते.

वेग कमी करायचा तर कायदा हवा, आणि आमचं विधिमंडळ भरतं दोन वर्षांतून एकदा, नव्वद दिवस. आर्डिसने चाळीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला. भाषण तिला येत नाही. तरी बर्फातून घाट ओलांडून ती तीनदा राजधानीला गेली. तिथे बोलायला दोन मिनिटं मिळतात. यंदा खालच्या सभागृहाने विधेयक मंजूर केलं, वरच्यात यायचं होतं, तर मान्यवरांनी तीन दिवस आधीच गाशा गुंडाळला. जनतेचा पैसा वाचवला म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. विधेयक मेलं.

नोव्हेंबरात सार्वमत आलं: अधिवेशन दरवर्षी भरावं का? हो म्हटलं तर येत्या जानेवारीतच पुन्हा संधी. नाही म्हटलं तर आणखी वर्षभर ताटकळा.

हार्डवेअरचं दुकान चालवणारा ऑर्विल म्हणजे गावाचा शहाणा.

"अगं आर्डिस, दोन वर्षांतून एकदा बसून काय दिवे लावतात ते बघतोय ना आपण? दरवर्षी बसवलं तर दुप्पट नासाडी!"

दुकानातले सगळे खिदळले.

"आणि ट्रक?"

"त्यांना तू आहेस की!"

मतदान शाळेच्या जिममध्ये होतं. म्हणजे एकेका मतदारासाठी आर्डिसनेच ट्रक अडवले, आणि पलीकडे सुखरूप पोचून त्या शहाण्यांनी 'नाही'वर खूण केली. दोनशे बारा विरुद्ध एकसष्ट. राज्यभरही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल नातीला घेऊन कडेला उभा. आर्डिसने त्याच्या हातातून नातीचा हात घेतला, दुसऱ्या हाताने पाटी उंचावली, तिला आणि टोबीला पलीकडे सोडलं. परत आली आणि पाटी खाली केली.

"अगं, मी राहिलो की!"

"काल नेलं होतं ना तुला? आता दोन वर्षांनी ये."

ट्रक सुटले. ऑर्विलची टोपी उडून रस्त्यात पडली; ती उचलायलाही त्याला उतरता येईना.

मी पोट धरून हसले. मग शाळा सुटून टोबीला पुन्हा हाच रस्ता ओलांडायला किती तास उरलेत ते बघितलं.