चौकातल्या चार धडका

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन कच्चं, अक्षर गिचमिड, त्याबद्दल माफी असावी. आमचे हे फौजदारकीतून निवृत्त झाले, तरी सोलापुरातला तो एक तपास माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून ठेवते.

क्वार्टरसमोरच्या चौकात दोन महिन्यांत चार धडका झाल्या. तीन धडकांत टांगा, एकीत मोटार. "टांगेवाले बेफाम हाकतात," अशी खबर पानवाल्याने दिली आणि मोठ्या साहेबांनी तीच धरली. शेवटच्या टांगेवाल्याला पंधरा रुपये दंड झाला, वर बिल्ला जप्त. बिल्ल्याशिवाय टांगा जुंपता येत नाही. ह्यांनी त्याचा जबाब ओसरीवर घेतला. मी दाराआड होते.

"प्यायला होतास?"

"न्हाय साहेब. बैलगाडीच मधी वळली की!"

"चारांत तीन टांगे. हे कसं?"

"चौकात दुसरं हाय काय? समदे टांगेच!"

हे उखडले. मला मात्र पटलं. तीन दिवस खिडकीत बसून मी मोजलं. टांग्याला तुरीचा दाणा, बैलगाडीला हरभरा, मोटारीला वाल. तुरीने वाटी भरली. हरभरे मूठभरही नव्हते.

"अहो, चुलीशी भाजलेल्या बायका लुगड्यातच असतात. म्हणून लुगडं गुन्हेगार का?"

"तू भाकरी बघ."

"बघते. तुम्ही पंचनामे बघा. बैलगाडी किती धडकांत होती?"

ह्यांनी रागारागाने पंचनामे काढून पाहिले. चारही धडकांत! गाडीवान दर वेळी फिर्यादी, म्हणून त्याला कुणी मोजलंच नव्हतं. आणि जागाही चारही वेळा एकच, जनावरांच्या पाण्याच्या 'हौदाजवळ'. लांबून आलेले तहानलेले बैल पाणी दिसलं की आडवे वळायचे, वर गाडीवान डुलकीत.

फिर्याद घेऊन येतो तो निर्दोषच, असं धरू नये, एवढं मी शिकले. सरकारी शाळेत ही गोष्ट शिकवत नसावेत.

ह्यांनी वर लिहून कळवलं. हौद चौकाबाहेर हलला, धडका थांबल्या. बिल्ला मात्र हलेना. साहेब रजेवर, कारकून आजारी, शिक्का सापडेना. टांगेवाला दर आठवड्याला येई.

"बाईसाहेब, घोड्याला सांगू का, मंजुरी येईस्तोवर खाऊ नको?"



सहा महिन्यांनी दंड माफीचा आणि बिल्ला परत देण्याचा हुकूम आला. तोवर घोडा विकला गेला होता. टांगेवाल्याने अंगठा उठवला, बिल्ला आणि पंधराच्या पंधरा रुपये घेतले आणि पायी घरी गेला.