आमच्या हॉलमधलं आयोवा

आखातात, मुऐदरला आमच्या कंपाउंडमधले ते नाशिकचे पाइपिंग इंजिनीअर दर चार वर्षांनी, तिथली निवडणूक आली की, टीव्हीवरून अमेरिकेत राहायला जायचे. "अजून पक्षाचा उमेदवारच ठरतोय हो," ते आमचा चहा गार होईपर्यंत समजावून सांगायचे. "तिकडच्या आयोवा राज्यात चिठ्ठ्या नाहीत. सगळ्यांदेखत आपल्या माणसाच्या कोपऱ्यात उभं राहायचं. माणसं कमी पडली की तो कोपरा खलास. मग दुसरीकडे जायचं."

त्या वर्षी आमच्या वीसेक मराठी घरांच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते स्वतः उभे होते, समोरच्या डॉक्टरीणबाईंविरुद्ध. एरवी आम्ही चिठ्ठ्या टाकायचो, पण त्यांनी हट्टानं आयोवा आणलं. मत तुम्हालाच, असं मी त्यांना सांगून बसलो होतो. तसं सगळ्यांनीच सांगितलं होतं.

"यल्ला, चला, उभे राहा!" ते खिडकीजवळच्या कोपऱ्यात जाऊन ओरडले. आम्ही सगळे मान खाली घालून डॉक्टरीणबाईंच्या कोपऱ्यात गेलो. त्यांची बायकोसुद्धा.

त्यांनी आपल्या आजूबाजूला एकदा नीट पाहिलं. "हा कोपरा खलास," असं स्वतःच जाहीर केलं आणि शिस्तीत चालत आमच्याकडे आले. एवढी जागा असताना नेमके माझ्याच शेजारी.

"सरका जरा," म्हणाले.