लीलावतीचे रोगट मुळे

जगातले माळी झाडं जगवतात. आमचा हणमंत ती आजारी पाडायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा! पलटणीतून रिटायर झाल्यावर हा साताऱ्याचा गडी लखनौतच राहिला आणि एका संशोधन संस्थेच्या काचघरात लागला. तिथल्या संशोधक देविकाताईंच्या प्रयोगासाठी सलगमच्या पानांवर विषाणूचा रस चोळायचा, हे त्याचं काम. हा विषाणू सलगम, मुळा, मोहरी, कोबी या एकाच गोतावळ्यात फिरतो, माणसाला काही करत नाही. मावा ही कीड त्याला पानोपानी नेते. म्हणून निघताना कपडे झटकायचे, असा कडक नियम होता. हणमंत घाईत विसरायचा.

चौऱ्याण्णवच्या थंडीत लखनौतल्या निशातगंजच्या घरामागे त्याच्या बायकोनं, लीलावतीनं, लावलेल्या मुळ्यांच्या पानांवर पिवळे चट्टे उठले. हणमंतनं ते ओळखले; काचघरातला मावा त्याच्याच कपड्यांवरून घरी आला होता. साहेबांना कळलं तर नोकरी गेलीच!

"अगं, उपटून जाळ ते."

"का म्हणून? पानं रोगट असली तरी मुळा गोड आहे. मी नाही उपटणार!"

आठवड्यानं तपासणी आली. नव्या माळ्यानं, रामदुलारेनं, काचघर चकाचक केलं. "एक भी बीमार पौधा नहीं छोड़ा, चाचा!" तो छाती फुगवून म्हणाला. प्रयोगाची रोगट रोपं सगळी जाळली होती.

देविकाताई रिकाम्या कुंड्यांपाशी मटकन बसल्या. फ्रिजमधला विषाणूचा साठा उन्हाळ्यात वीज जाऊन आधीच खराब झालेला. "काका, चार वर्षं पाण्यात गेली," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

 हणमंतनं बोलावं तर नोकरी जाते, गप्प राहावं तर पोरीचं वाटोळं.

"ताई, माझ्या घरी चला," तो म्हणाला, आणि वाटेत सगळं कबूल केलं.

घरी लीलावती नेमकी मुळ्याचा पाला चिरत बसलेली.

"अगं, सगळे उपटलेस?"

"दोन ठेवलेत बियाण्याला. अहो, झालं काय?"

देविकाताईंनी ते चट्टे पाहिले आणि तिच्या पायांवर डोकंच ठेवलं. लीलावती कावरीबावरी. "अच्छा अच्छा, उठ गं बाई, आधी चहा घे!"

त्या पानांचा रस चोळला आणि दोन आठवड्यांत नव्या सलगमवर तेच चट्टे उमटले. हणमंतसाठी देविकाताई स्वतः साहेबांपुढे उभ्या राहिल्या. हणमंतला ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

तेव्हापासून तो काचघराच्या दारातच शर्ट बदलतो. दर थंडीत लीलावतीचे मुळे स्वतः पेरतो आणि हात जोडून म्हणतो, "देवा, ही बाई माझं ऐकत नाही, किती बरं केलंस!"