ऐनाच्या सालीवरचा पतंग

नागभीडला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक जाळे, एक विषाची बाटली आणि सरांनी सोपवलेले काम होते. सर म्हणजे नागपूरला मला प्राणिशास्त्र शिकवणारे माझे गुरू. त्यांच्या पेटीत आरमोरीच्या जंगलातला, नखाएवढा, रंग उडालेला एक पतंग टाचलेला होता. ही वेगळी जात आहे, असे सर म्हणत. बाकीचे विद्वान म्हणत, नेहमीचाच आहे, जुना झालाय. सरांची दृष्टी आता फार अधू झाली होती. ती जायच्या आत ताजा नमुना त्यांना द्यायचा, एवढीच माझी घाई.

आरमोरीपर्यंतच्या मोटारीने हाडे खिळखिळी केली. पुढे बैलगाडी. जंगलात धीवर लोक ऐनाच्या झाडांवर कोसा (टसर रेशमाचे किडे) पाळतात आणि राखणीला तिथेच झोपड्या घालून राहतात. त्यांच्यातले वडीलधारे गोविंदाभाऊ. त्यांनी बनाबाहेर माझ्या चपला काढायला लावल्या आणि मग भात नि अंबाडीची भाजी वाढली. भाजी इतकी आंबट की डोळे मिटले. तरी मी पुन्हा मागून घेतली.

सकाळी ते कावळे हाकत पुढे, मी मागे. एका ऐनाच्या सालीवर पतंग येऊन बसला. पंखावर पांढरी चंद्रकोर, थेट सरांच्या नमुन्यासारखी! मी बाटली काढली, तोच गोविंदाभाऊंनी माझा हात धरला.

"इथी पाखरू मारत नाई, भाऊ."

कोसा उतरेपर्यंत, म्हणजे झाडांवरचे कोश काढून होईपर्यंत, बनात कोणताच जीव मारायचा नाही, कावळासुद्धा नुसता हाकलायचा, असा त्यांचा नेम. मी सरांची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"मारल्याबिगर वळखू येत नाई का?"

राग आला, खोटे कशाला सांगू? पण करता काय, बसलो बघत. नेहमीचा पतंग पंख छपरासारखे उतरते ठेवतो. हा बसल्या जागी गिरकी घेई, डोके खाली करी, पंख सालीला सपाट चिकटवी आणि शेपटाचे टोक वर उचली. उडाला, दुसऱ्या ऐनावर बसला, पुन्हा तेच. नेहमीचा नव्हताच तो! मी एकटाच हसत सुटलो.

नंतर बनाबाहेर पुष्कळ शोधला, पण एकही दिसला नाही. रिकाम्या बाटलीनिशी नागपूर गाठले.

"विद्वानांना एवढं पुरणार नाही, सर," मी म्हणालो.

"त्यांचं राहू दे. तो बसतो कसा, ते दाखव."

मी टेबलावर दोन्ही तळवे सपाट टेकवले, मनगटे जराशी उचलली. सरांनी आपले हात माझ्या हातांवर ठेवून ते नीट चाचपले.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "माझ्याजवळ तो मेलेलाच होता."