‘पक्का?’ विचारणारे मुळ्ये सर

सरांच्या मुलीचा, शकूचा, फोन आला. "दादा, बाबा गेले." सगळं माहीत असूनही माझ्या तोंडून निघालं, "पक्का?" आणि मग माझीच मला लाज वाटली. पण हा प्रश्न मुळात सरांचा.

मुळ्ये सर आम्हाला पशुवैद्यकाच्या कॉलेजात रोगनिदान शिकवायचे आणि जगात कुणावरही विश्वास ठेवायचे नाहीत. गाईला लावायचा थर्मामीटर आधी स्वतःच्या काखेत धरून बघायचे. स्वतःच्या आईच्या अकराव्याला रामघाटावर गोदानासाठी गाय आणली, तर डोळे पुसत पुसत या माणसाने तिचा जबडा उघडून दात पाहिले. "पंडितजी, आप तो बछिया बोले थे. ये तो दादी है!" शकू हे सांगताना अजून हसते.

आमच्या परीक्षेच्या वर्षी मध्य भारत हे आमचं राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला. नव्या कारभारात आपल्या मध्य भारतातल्या पोरांना मुद्दाम पाडणार, अशी बोलवा उठली, आणि सरही वरच्यांना सामील असतील असा आम्हाला संशय येऊ लागला. मी नापास झालो तर वडील मला शिक्षण सोडायला लावून रेल्वेत चिकटवणार होते. प्रॅक्टिकलला गोठ्यात एक तांबडी गाय बांधलेली. माझ्याआधीच्या पोरांनी तिला नाना रोग लावले होते. मी नाडी पाहिली, ताप पाहिला, पोटाला कान लावला... काही सापडेना. नाक ओलं, रवंथ मजेत चाललेलं. यात नक्की काहीतरी डाव आहे, असं वाटून मी पुन्हा एकदा नाडी पाहिली.

"सर, ही निरोगी आहे."

"पक्का? बाकीचे तर तिला बीमार सांगतात."

"सांगू देत, सर. पक्का."

त्या गोठ्यातून पास होऊन निघालेला मी पहिलाच.

सर गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मला माधवनगरच्या घरी बोलावून घेतलं. दारातच शकूने हात धरला, "दादा, त्यांना खरं नका सांगू हो." डॉक्टरांपासून जावयापर्यंत सगळे "ठीक व्हाल" म्हणत होते, आणि सर त्यांच्याकडे घाटावरच्या त्या गाईकडे पाहावं तसे पाहत होते. सगळ्यांना बाहेर घालवून त्यांनी मनगट पुढे केलं.

"माणसांचं मला काय कळतं, सर?"

"बघ तर खरं. निरोगी?"

नाडी कशीबशी हाताला लागत होती. माझा जीव तुटत होता, पण त्या नजरेपुढे खोटं बोलवेना.

"नाही, सर."

आता ते विचारतील म्हणून मी वाट पाहत राहिलो... त्यांनी विचारलं नाही. मनगट मात्र माझ्या हातातच राहू दिलं.